एकांकिकेसाठी मदत हवी: यंत्रशत्रूपासून पळणारं जहाज, १२०० माणसं आणि हवा-पाण्याचा हिशोब

चरई_तालीम
नमस्कार मंडळी. आमचा ठाण्यातला गट ४० मिनिटांची एकांकिका बसवतोय. यंत्रमानवांनी पृथ्वी घेतली आहे. वाचलेले १२०० जण एका जहाजातून पळताहेत आणि राहण्याजोगी जागा शोधताहेत. नेपथ्य एकच आहे, जहाजाचा हवा-पाणी विभाग. पात्रं पाच: विभागप्रमुख बाई, दोन तंत्रज्ञ, शेतीवाला आणि कप्तान.

सध्याच्या संहितेत तीन वेळा हल्ला होतो, तीन वेळा लाल दिवा लागतो आणि शेवटी हिरवा ग्रह दिसतो. हे फारच पोकळ वाटतंय. दोन गोष्टी हव्यात. या विभागात काम करणारी माणसं प्रत्यक्षात कोणते आकडे बोलतील? आणि शत्रू हुशार असेल तर तो नेमकं काय करेल? जहाजाचा वेग आम्ही प्रकाशापेक्षा कमीच ठेवला आहे. क्षणात उडी मारणारं इंजिन नाही.

हिशोबनीस
पाया आधी घालून घ्या, संवाद त्यातून निघतील. माणशी रोज ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १२०० जणांना रोज १ टन ऑक्सिजन हवा आणि रोज १.२ टन कार्बन डायऑक्साइड काढून टाकायला हवा.

हा ऑक्सिजन पाण्याच्या विद्युत-विघटनातून काढायचा तर रोज ११३४ किलो पाणी फोडावं लागेल. त्यातून १२६ किलो हायड्रोजन सुटतो. किलोभर हायड्रोजनमागे ५२ युनिट वीज धरा. म्हणजे रोज साडेसहा हजार युनिट, सतत २७० किलोवॅटच्या आसपास.

हायड्रोजन फेकून द्यायचा नाही. तो कार्बन डायऑक्साइडबरोबर निकेल किंवा रुथेनियमच्या उत्प्रेरकावरून नेला की पाणी आणि मिथेन मिळतं. याला साबातिए प्रक्रिया म्हणतात, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ती वापरली गेली आहे. मेख अशी की एका कार्बन डायऑक्साइडला चार हायड्रोजन रेणू लागतात आणि तेवढा हायड्रोजन आपल्याकडे नसतोच. रोज ६९० किलो कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, ५६७ किलो पाणी परत येतं, आणि २५० किलो मिथेन उरतं. फोडलेल्या पाण्यातलं बरोबर निम्मं परत मिळालं. मिथेन बाहेर सोडलं तर त्यातून रोज ६३ किलो हायड्रोजन कायमचा गेला. विभागप्रमुख बाईंची खरी चिंता हा हायड्रोजन असेल. ऑक्सिजन खडकातूनही काढता येतो.

वाशी_सेक्टर_नऊ
पाण्याचं मी पूर्ण करतो. पिणं, स्वयंपाक आणि अगदी काटकसरीची धुणी-अंघोळ धरून माणशी १० लिटर. रोजचे १२,००० लिटर. घोडबंदरच्या सोसायट्यांत येणाऱ्या दहा हजारी टँकरपेक्षा थोडंसं जास्त, एवढ्यात १२०० माणसं. स्थानकाने २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला. तोच आकडा धरला तरी रोज २४० लिटर जातात. वर्षाला ८७,६०० लिटर, म्हणजे ८७ टनांवर.

कुठे जातात? लघवीच्या ऊर्ध्वपातनानंतर जो दाट गाळ उरतो, त्यात. तो आणखी आटवायला गेलं की कॅल्शियम सल्फेटचे खडे धरतात आणि यंत्र तुंबतं. अवकाशात हाडांतलं कॅल्शियम लघवीतून जास्त जातं, म्हणून तिथे हा त्रास आणखी मोठा. तंत्रज्ञाच्या हातात द्यायला हे उत्तम काम आहे: फिरत्या पिंपाच्या आतून खडे खरवडणं. प्रेक्षकांना लगेच कळेल.

शून्यगुरुत्व
आकडे बरोबर आहेत, पण शेती विसरलात. जहाज वर्षानुवर्षं चालणार असेल तर सोबत नेलेलं अन्न पुरणार नाही. पूर्ण आहार पिकवायला माणशी ४० चौरस मीटर धरा, एकूण ४८,००० चौरस मीटर, अर्थात मजल्यांवर मजले रचून. बटाटा, रताळी, गहू, सोयाबीन, भुईमूग, पालेभाज्या. आणि शेती पूर्ण अन्न देत असेल तर ऑक्सिजनही तीच पुरवते, कार्बन डायऑक्साइडही तीच घेते. मग हिशोबनीसांचं विद्युत-विघटन फक्त आणीबाणीला. अट एकच, काडीकचरा जाळून किंवा कुजवून त्यातला कार्बन परत हवेत आणला पाहिजे. नाहीतर कार्बन पेंढ्यात अडकतो आणि पिकं उपाशी राहतात.

अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फिअर-२ मध्ये १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं बंद राहिली होती. तिथे ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला आणि बाहेरून सोडावा लागला. मातीत सेंद्रिय खत जास्त होतं, जिवाणूंनी ते खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि तो इमारतीच्या काँक्रीटने शोषला. म्हणून कोणाला कार्बन डायऑक्साइड वाढलेला ठळकपणे दिसला नाही, नुसता ऑक्सिजन नाहीसा होत गेला. तुमच्या शेतीवाल्याला हा प्रसंग तोंडपाठ असणार.

आता विजेचं. पिकांना एलईडीचा प्रकाश चौरस मीटरला साधारण १६७ वॅट. सगळे दिवे एकदम लावले तर ८ मेगावॅट. पाळीपाळीने १६ तास उजेड, ८ तास अंधार ठेवला तर सरासरी ५.३ मेगावॅट. जहाजाची बाकी सगळी वीज याच्यापुढे किरकोळ.

ऐरोली_खाडी
आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होते! हा मुद्दा कोणी आणला नाही म्हणून लिहितो, कारण तुमच्या एकांकिकेचा कणा इथे आहे.

अवकाश थंड आहे म्हणून जहाज गारठेल असं बहुतेक संहितांत असतं. खरी अडचण उलटी आहे. निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवा नाही, ती फक्त प्रारणाने जाते. २७ अंश सेल्सिअसला चांगल्या रंगाचा पत्रा एका बाजूने चौरस मीटरला सुमारे ४१० वॅट टाकतो, दोन्ही बाजूंनी ८२५. आत सहा मेगावॅट निर्माण होत असतील तर सुमारे ७,३०० चौरस मीटरचे उष्णताफलक बाहेर पसरलेले हवेत. अणुभट्टीची वाया जाणारी उष्णता वेगळी. ३० टक्के कार्यक्षमतेला ती १४ मेगावॅट येते. पण तिचे फलक २२७ अंशांवर चालवता येतात, म्हणून २,२०० चौरस मीटरच पुरतात. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं: केल्व्हिनमधलं तापमान दुप्पट केलं तर सोळा पट.

आता शत्रूच्या जागी बसा. जहाजाचं कवच जाड आहे. फलक पातळ आहेत, मोठे आहेत आणि झाकता येत नाहीत. वाटाण्याएवढे खडे वेगाने सोडले तरी काम होतं. मग पुढची साखळी अशी:

फलकातला अमोनिया गळतो. उष्णता बाहेर जाईना म्हणून भार कमी करावा लागतो. सहापैकी ५.३ मेगावॅट शेतीचे दिवे खातात, म्हणून आधी तेच बंद करावे लागतात. दिवे गेले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण पिकांचा श्वास चालूच राहतो, म्हणजे तीही कार्बन डायऑक्साइड सोडू लागतात. १२०० माणसांचा रोजचा १.२ टन आहेच.

एक गोळीही आत न येता जहाज गुदमरायला लागलं. तिन्ही हल्ल्यांऐवजी हा एकच ठेवा.

चरई_तालीम
ऐरोली_खाडी, हे वाचून दुसरा प्रवेश पूर्ण नव्याने लिहावा लागणार, आणि त्याचा आनंदच आहे. किती वेळात गुदमरतील? फळ्यावर टक्केवारी बदलत दाखवायची आहे.

हिशोबनीस
माणशी ५० घनमीटर मोकळी हवा धरू, एकूण ६०,००० घनमीटर. १.२ टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे सुमारे ६७० घनमीटर, रोज १.१ टक्का वाढ. ऑक्सिजन रोज १.३ टक्क्याने उतरेल.

अभिनयाच्या दृष्टीने: १ टक्क्याला जडपणा. २ ला डोकं ठणकायला लागतं, जिना चढताना धाप. ३ ला बसल्या जागी श्वास जोरात. ५ ला घाम, गोंधळ, सोपी बेरीज चुकते. ८ च्या पुढे शुद्ध जाते. म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, पाचव्या दिवशी चुकीचे निर्णय. त्या वेळी ऑक्सिजन अजून १४-१५ टक्के असतो. "ऑक्सिजन संपला" हे वाक्य काढूनच टाका. माणसं त्याच्या आधी स्वतःच्या उच्छ्वासाने पडतात.

उपाय म्हणून लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. किलोभर कार्बन डायऑक्साइडला १.१ किलो लागतो, म्हणजे रोज १.३ टन. दहा दिवसांचा साठा १३ टन, आणि एकदा वापरला की संपला. झिओलाइटचे (कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खनिजाचे) डबे तापवून पुन्हा वापरता येतात, पण त्या तापवण्याची उष्णता कुठे टाकणार? फलक तर फुटलेत.

१९७० मध्ये अपोलो १३ ला डबे होते, पण एका यानाचे चौकोनी आणि दुसऱ्याची खोबण गोल. पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांनी जोड केला. प्रत्येक जोड, प्रत्येक धागा एकाच मापाचा हवा, हा हट्ट तुमच्या विभागप्रमुख बाईंच्या स्वभावात घाला.

वाशी_सेक्टर_नऊ
अमोनियाबद्दल एक दुरुस्ती, म्हणजे भरच. आतल्या वर्तुळात पाणी आणि बाहेरच्यात अमोनिया ठेवतात. दोघांची गाठ उष्णता-विनिमयकात पडते. तिथली भिंत फुटली तर अमोनिया आतल्या पाण्यात आणि तिथून हवेत येतो. स्थानकावर १४ जानेवारी २०१५ ला असाच इशारा वाजला होता. तो खोटा निघाला, पण माणसं मुखवटे लावून रशियन भागात गेली आणि मधला दरवाजा बंद केला. क्रम लक्षात ठेवा: मुखवटा, बाहेर पडणं, दरवाजा, मग मोजणी. आधी मोजणी नाही. कप्तान "आधी खात्री करा" म्हणतो आणि बाई दरवाजा लावतात, असा संघर्ष खरा वाटेल.

घोडबंदरकर
शत्रूविषयी मला वेगळं वाटतं. फलक फोडणं ठीक आहे, पण यंत्राला तेवढीही घाई कशाला? त्याला हवा नको, शेती नको, गुरुत्वासाठी फिरतं चाक नको. माणूस ३ जी चा, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या तिप्पट, जोर काही मिनिटं सहन करतो. तोफगोळ्यातली इलेक्ट्रॉनिक्स हजारो जी सोसते. सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशाच्या एक टक्का वेगाने ४२४ वर्षं. वर्षाला ८७.६ टन गळती धरली तर ३७,००० टन पाणी नुसतं गळतीपोटी न्यायला हवं. शत्रूने काहीच केलं नाही तरी माणसांना पाण्यासाठी कुठेतरी थांबावंच लागेल. तो पाठलाग करणार नाही. तो पाणवठ्यावर जाऊन बसेल.

शून्यगुरुत्व
बर्फाळ गोळे अब्जावधी आहेत, प्रत्येकावर कसा बसेल?

घोडबंदरकर
सगळ्यांवर बसायची गरज नाही. जहाजाला जिथे पोहोचून थांबता येईल असे किती, हा प्रश्न आहे. वेग बदलायला इंधन लागतं आणि ते घातांकी वाढतं. बाहेर फेकलेल्या वायूचा वेग सेकंदाला ३० किमी असेल आणि वेगात १०० किमीचा बदल हवा असेल तर निघताना जहाज इंधनासकट २८ पट जड हवं. त्यामुळे हाताशी तीन-चार गोळेच उरतात.

आणि लपता येत नाही. जहाज २७ अंशांवर, मागचं आकाश उणे २७० वर. फलक इन्फ्रारेडमध्ये झळकतात. इंजिन पेटलं की ज्वाळेचा वर्णपट आणि तेज मोजून ढकल किती ते कळतं, वेग किती वाढला ते दिसतं, आणि दोन्हींवरून वस्तुमान निघतं. म्हणजे शत्रूला तुमच्या टाकीत किती उरलंय हे कप्तानाइतकंच माहीत आहे. ही ओळ कप्तानाच्या तोंडी द्या.

ऐरोली_खाडी
+१. ही मांडणी फलकांपेक्षा सरस आहे, किंवा दोन्ही जोडा: फलक फोडायचे आणि बर्फावर वाट पाहायची. पण यंत्रांना अजेय करू नका, ते खोटं आहे. वैश्विक किरण स्मृतीतले बिट उलटवतात, म्हणून एकच गणित तीन चिपांवर करून बहुमत घ्यावं लागतं. किरण सोसणाऱ्या चिपा मंद असतात. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरचा मुख्य प्रोसेसर आरएडी ७५० फार तर २०० मेगाहर्ट्झवर चालतो. निर्वातात वंगण उडतं, धातूला धातू चिकटतो. गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना १९९१ मध्ये उघडलीच नाही, दांड्या अडकून बसल्या. यानांना वीज पुरवणाऱ्या प्लुटोनियम-२३८ ची शक्ती ८७.७ वर्षांत निम्मी होते. शतकभर बर्फावर बसलेला यंत्रमानव आखडलेल्या सांध्यांचा आणि अर्ध्या शक्तीचा असेल. त्याला भाग बदलायला धातू आणि सिलिकॉन हवेत, आणि ते शुद्ध बर्फात नाहीत. त्यालाही तिथे ठाण मांडायची किंमत आहे.

हिशोबनीस
मग माणसांचा डाव यातूनच निघतो. बर्फावर जाऊ नका. कार्बनी लघुग्रहांच्या चिकणमातीत पाणी बांधलेलं असतं. र्‍युगूचे नमुने २०२० मध्ये आणि बेन्नूचे २०२३ मध्ये पृथ्वीवर आले, दोन्हींत अशी जलयुक्त खनिजं आहेत. ८ टक्के पाणी धरलं तर वर्षभराच्या ८७.६ टनांसाठी ११०० टन खडक दळायचा आणि सहाशे-सातशे अंशांपर्यंत भाजायचा. भट्टीला एक मेगावॅट दिलं तर नुसता खडक तापवायलाच आठवडाभर, खनिजातून पाणी सोडवायची ऊर्जा त्यावर. फलक फुटलेल्या जहाजाला एक मेगावॅट म्हणजे शेतीचा पाचवा हिस्सा अंधारात.

याउलट धूमकेतूवर बर्फ झाकून टाकणारी बंद पिशवी लावायची, आतला दाब ६११ पास्कलच्या वर ठेवायचा म्हणजे बर्फ उडून न जाता वितळतो. किलोला ०.६ मेगाज्यूल पुरतात. शंभर किलोवॅटवर सहा दिवसांत वर्षाचं पाणी. दाब राखता आला नाही तर तेच काम पाचपट ऊर्जेचं, महिनाभराचं.

सोपं पाणी जिथे शत्रू आहे तिथे, अवघड पाणी जिथे तो नाही तिथे. तिसरा प्रवेश या मतभेदावर उभा राहील.

वाशी_सेक्टर_नऊ
धूमकेतूच्या पिशवीत घात होण्याच्या जागा लिहून ठेवा, शेतीवाला आणि तंत्रज्ञ यांवर भांडू शकतील. उतरणंच अवघड. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिली नावाचं यान ६७पी धूमकेतूवर उतरलं, नांगराचे भाले सुटले नाहीत आणि ते उसळ्या मारत सावलीत जाऊन अडकलं. वरची धूळ उष्णता वाहत नाही, म्हणून जास्त वॅट दिले तरी आतला बर्फ तापत नाही, पिशवीचं कापडच वितळतं. पाण्यात अमोनिया, हायड्रोजन सायनाइड, हायड्रोजन सल्फाइड येतात. नुसत्या ऊर्ध्वपातनाने हे वायू पाण्याबरोबरच पुढे जातात. आधी निर्वातात वायू झटकायचे, मग आम्लधर्मी रेझिनवर अमोनिया धरायचा, सायनाइडचं ऑक्सिडेशन करायचं, शेवटी सक्रिय कोळसा. चाचणी झाल्याशिवाय ते पाणी शेतीलाही नाही.

तिसरी_घंटा
विज्ञान भरपूर झालं, आता रंगमंच. नाट्यगृह गडकरी असो, घाणेकर असो की वाशीचं भावे, स्पर्धेत नेपथ्य लावायला मोजकीच मिनिटं मिळतात. म्हणून तीन सुट्या भिंती करा. ८ बाय ४ चा ६ मिमी प्लाय साडेअकरा किलोचा असतो, १२ मिमीचा त्याच्या दुप्पट. मागे २५ मिमी चौकोनी नळीची चौकट, खाली कुलुपाची चाकं. ६ मिमीवर दोन माणसांत भिंत उचलली जाते. जाड प्लाय घेतला की विंगेत वळवताना अडतं.

नळ्यांसाठी ठिबकची काळी नळी, पीव्हीसी आणि एसीच्या पाइपवरचं काळं फोम. वागळे इस्टेट आणि रबाळेच्या भंगारात जुने दाबमापक, झडपा मिळतात. काटा फिरवायला मागून मासेमारीची दोरी पुरते, मोटर नको. थर्मोकोल टाळा, दिव्याजवळ धोका आहे.

प्रकाश: शेतीचा उजेड विंगेतून जांभळट-गुलाबी, तोच एकेक करून विझवा. लाल दिव्याची गरज उरणार नाही. ध्वनी: पंख्याची संथ घरघर पहिल्या सेकंदापासून ठेवा, प्रेक्षक दोन मिनिटांत ती विसरतात. फलक फुटल्यावर ती एका सुराने उतरवा, एकदम तोडू नका. बाहेरच्या स्फोटाचा आवाज नको, निर्वातात तो येणार नाही. आघात नळ्यांच्या थरथरण्यातून दाखवा.

आणि दुसऱ्या जहाजाशी बोलणं असेल तर उशीर पाळा. पृथ्वी-सूर्य अंतरावर संदेशाला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. ४० मिनिटांच्या प्रयोगात एक प्रश्न पहिल्या प्रवेशात विचारा आणि उत्तर तिसऱ्यात येऊ द्या.

चरई_तालीम
पात्रं सरळ चालतात, तरंगत नाहीत. ते चालेल ना?

शून्यगुरुत्व
चालेल, चाक फिरतंय असं एका वाक्यात सांगा. मिनिटाला दोन फेरे आणि पूर्ण गुरुत्व हवं तर त्रिज्या २२४ मीटर. मंगळाएवढं, ०.३८, पुरत असेल तर ८५ मीटर. दोन फेऱ्यांपेक्षा वेग वाढवला तर डोकं वळवताना गरगरतं. तरंगत राहिले तर नितंबाच्या हाडांतून महिन्याला १ ते दीड टक्का खनिज जातं, असे लोक नव्या ग्रहावर उभे राहणार नाहीत. त्यावरून शेवटाचं बोलतो.

हिरवा ग्रह दिसला आणि लोक उतरले, असं नको. दुरून वर्णपटात ऑक्सिजन दिसणं पुरेसं नाही. लाल बटू ताऱ्यांजवळ अतिनील किरणांनी पाणी फुटूनही ऑक्सिजन साचतो. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र दिसले तर जीवसृष्टीची शक्यता बळावते, आणि मग जंतूंचा प्रश्न येतो. ट्रॅपिस्ट-१ भोवती सात खडकाळ ग्रह आहेत हे २०१७ मध्ये कळलं, पण सगळ्यात आतल्या ग्रहावर दाट वातावरणाची खूण वेब दुर्बिणीला मिळाली नाही. उतरण्याआधी तपासायचं ते असं: ऑक्सिजनचा आंशिक दाब किमान १६ किलोपास्कल, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या किलोपास्कलच्या आत, मातीत परक्लोरेट (क्लोरीनयुक्त क्षार) आहे का. मंगळावर फिनिक्स यानाला २००८ मध्ये ते सापडलं, आणि ते थायरॉइडला घातक. मग बंद पेटीत त्या मातीत मुळा आणि बटाटा लावून एक पीक काढायचं. जहाजाचं पाणी त्या काळात चालूच राहिलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर घर म्हणून ग्रह नकोच. जलयुक्त लघुग्रहाजवळ चाक फिरवत राहा. कच्चा माल हाताशी, आणि निघायची वेळ आली तर खोल गुरुत्वातून वर यावं लागत नाही.

घोडबंदरकर
यावर माझा विरोध आहे. १२०० माणसांनी पिढ्यान्पिढ्या झडपा खरवडत जगायचं, हे घर नाही. कप्तानाने हे म्हणावं आणि बाईंनी शून्यगुरुत्व यांची बाजू मांडावी.

चरई_तालीम
तसंच करतो. पहिला प्रवेश हायड्रोजनचा हिशोब आणि पाठवलेला प्रश्न. दुसरा फलक, अमोनिया, दिवे, पाच टक्के. तिसरा धूमकेतू की लघुग्रह. पाच टक्क्यांना चुकणारी बेरीज कप्तानाच्या तोंडी टाकतो, इंधनाचीच. हिशोबनीस, ती नेमकी कुठे चुकावी?

हिशोबनीस
वेगातला बदल मोजताना थांबण्याचं इंधन धरायचं राहू द्या. निघायला १०० आणि थांबायला १००, म्हणजे बदल २०० चा. वजन २८ ची दुप्पट होत नाही, २८ गुणिले २८ होतं, जवळजवळ ७८०. कप्तान ५६ म्हणेल, आणि तंत्रज्ञाने फळ्यावर गुणाकार करून दाखवावा.